मोशे गोरा, फारोही गोरा

डिसेंबर 2014 ची गोष्ट. चैत्यभूमीवरून परत येऊन चार-आठ दिवस झाले असतील. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सला रिडले स्कॉटचा 'एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज' लागला होता आणि आमच्या एका ख्रिस्ती मित्राने आग्रहाने तिकिटे काढली. मित्र नगर जिल्ह्यातला. त्याचे पणजोबा आणि आमचे पणजोबा एकाच महारवाड्यात राहायचे. त्यांच्या घराने अमेरिकन मराठी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, आमच्या घराने 1956 साली धम्मदीक्षा घेतली. भाऊबंदकी तुटली नाही. त्यांचा नाताळचा फराळ आमच्याकडे येतो, बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडे जाते.

मोशेची गोष्ट म्हणजे मित्राच्या घरची गोष्ट. त्याची आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण पवित्र शास्त्रातला 'निर्गम' तिला तोंडपाठ. मिसर देशात इस्राएल लोक गुलाम होते, विटा पाडत होते, आणि त्यांच्यातलाच एक माणूस राजवाड्यात वाढूनही शेवटी आपल्या लोकांकडे परत आला. ही गोष्ट आजीने त्याला झोपताना सांगितलेली. मोठ्या पडद्यावर तीच पाहायला मिळणार म्हणून गडी खुशीत होता.

मध्यंतरापर्यंत त्याचा चेहरा पडला. बाहेर चहाच्या टपरीवर त्याने तक्रारी मोजायला सुरुवात केली. देव अकरा वर्षांचा पोरगा दाखवलाय. मोशेच्या हातात काठी नाही, तलवार आहे. तांबडा समुद्र दुभंगत नाही, भरती-ओहोटीसारखा ओसरतो. शास्त्रात असे कुठे आहे?

आम्ही विचारले, "आणखी काही खटकलं नाही का तुला?"

"काय?"

"मोशे गोरा. फारोही गोरा. फारोची आई गोरी. चाकर, चोर, मारेकरी तेवढे काळे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, आमच्या घरातल्या कॅलेंडरवरचा येशू पण गोराच आहे. त्याची सवय झालीय."

त्या टपरीवर सुरू झालेला वाद आजही संपलेला नाही. या लेखात तोच वाद आम्ही मांडत आहोत. मित्राने लेख वाचून परवानगी दिली आहे. त्याला सगळे पटलेले नाही, हेही नोंदवायला त्याने सांगितले आहे.

मित्रांनो, 2014 हे साल हॉलिवूडमध्ये बायबलचे साल म्हणून गाजले. मार्चमध्ये डॅरेन अॅरोनोफ्स्कीचा 'नोहा' आला, डिसेंबरमध्ये 'एक्झोडस'. 'नोहा'वर साडेबारा कोटी डॉलर खर्च झाले, 'एक्झोडस'वर सुमारे चौदा कोटी. एवढा पैसा कोणी भक्तीपोटी लावत नाही. स्टुडिओचे गणित सोपे होते. अमेरिकेत कोट्यवधी लोक दर रविवारी चर्चला जातात. ते एरवी हॉलिवूडवर नाराज असतात, पण 'आपला' सिनेमा आला तर कुटुंबासकट येतात. हे गणित स्टुडिओ दहा वर्षांपूर्वी मेल गिब्सनकडून शिकले होते. त्याकडे पुढे येऊ.

'नोहा'ची तऱ्हा आधी पाहा. सिनेमा तयार होत असतानाच पॅरामाउंट कंपनीने त्याचे निरनिराळे कट धार्मिक प्रेक्षकांना दाखवून पाहिले. प्रतिक्रिया बऱ्या नव्हत्या. दिग्दर्शक अडून बसला आणि शेवटी त्याचाच कट प्रदर्शित झाला. पण त्याआधी अमेरिकेतल्या धार्मिक प्रसारकांच्या संघटनेने मागणी केली आणि कंपनीने जाहिरातींसोबत एक खुलासा जोडला. हा सिनेमा नोहाच्या कथेवरून स्फुरलेला आहे, त्यात कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे, मूळ कथा उत्पत्तीच्या पुस्तकात वाचावी, अशा आशयाचा. साडेबारा कोटींचा सिनेमा विकताना प्रेक्षकाला मूळ पुस्तक कुठे मिळेल तेही सांगावे लागले!

श्रद्धाळू प्रेक्षकांचे आक्षेप काय होते? एक, नोहाला तारू बांधायला दगडी राक्षस मदत करतात. दोन, 'देव' हा शब्द येत नाही, सगळे 'निर्माणकर्ता' म्हणतात. तीन, नोहा शाकाहारी आहे आणि पर्यावरणवाद्यासारखा बोलतो.

आता आपल्याकडे सिनेमातला सज्जन माणूस शाकाहारी निघाला की आपले कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. पण इथे गंमत वेगळी आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला खायला झाडपाला आणि फळेच दिलेली आहेत. मांसाची परवानगी मिळते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. म्हणजे प्रलयापूर्वीचा नोहा शाकाहारी दाखवणे हे शास्त्राला धरूनच होते. दगडी राक्षसांचे मूळ हनोखाच्या पुस्तकातल्या पतित देवदूतांमध्ये आहे. हे पुस्तक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायबलात नाही, पण इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलात आहे. आफ्रिकेतले एक अतिशय जुने चर्च ज्याला शास्त्र मानते, त्याला अमेरिकेतला प्रेक्षक 'दिग्दर्शकाच्या डोक्यातले खूळ' म्हणत होता. 'शास्त्रात नाही' असे म्हणताना कोणाचे शास्त्र, हा प्रश्न आलाच.

पण आमचा खरा मुद्दा वेगळाच आहे. नोहाची गोष्ट उत्पत्तीच्या अवघ्या चार अध्यायांत आहे, सहा ते नऊ. त्या चार अध्यायांत नोहा किती बोलतो? तारू बांधताना एक शब्द नाही. पाऊस पडताना नाही. जमिनीवर उतरल्यावर नाही. तो पहिल्यांदा तोंड उघडतो ते दारू पिऊन उघडा पडल्यावर. मुलगा हाम याने त्याला तशा अवस्थेत पाहिले म्हणून. आणि उघडतो ते शाप देण्यासाठी. शापही हामला नाही, हामचा मुलगा कनान याला, की तू आपल्या भाऊबंदांच्या गुलामांचा गुलाम होशील.

या शापात कातडीचा रंग कुठेही नाही. तरीही अमेरिकेतल्या गुलाममालकांच्या चर्चमधून पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले की काळे लोक हामचे वंशज आहेत आणि त्यांची गुलामी देवानेच लिहून ठेवली आहे. शाप नातवाला दिला होता, तो बापावर ढकलला. रंग नव्हता, तो घातला. एका बापाच्या नशेतल्या रागाला देवाचा कायदा केला. जन्मावरून माणसाची जागा ठरवणारे ग्रंथ आपण जवळून पाहिले आहेत, त्यामुळे ही युक्ती आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता सांगा, शास्त्राची मोडतोड जास्त कोणी केली? दगडी राक्षस दाखवणाऱ्या अॅरोनोफ्स्कीने, की व्यासपीठावरून हामचा शाप वाचणाऱ्या पाळकांनी? एकाच्या मोडतोडीने काही लोकांची संध्याकाळ खराब झाली. दुसऱ्याच्या मोडतोडीने लाखो माणसे साखळदंडात राहिली. पण खुलासा जोडायला लावला गेला तो सिनेमाला.

आणि अॅरोनोफ्स्कीलाही आम्ही सोडणार नाही. त्याच्या तारवात बसलेले सगळे गोरे. अख्खी मानवजात ज्या आठ माणसांपासून पुन्हा सुरू होणार, त्यांत एकही काळा-सावळा माणूस नाही. यावर टीका झाली तेव्हा निर्मात्यांकडून सांगितले गेले की ही मिथककथा आहे, इथे वंशाला महत्त्व नाही. महत्त्व नव्हते तर मग कोणीही चालले असते की! 'वंशाला महत्त्व नाही' म्हणणाऱ्याला दरवेळी गोराच माणूस कसा सापडतो?

रिडले स्कॉट निदान स्पष्ट बोलला. एवढ्या पैशांचा सिनेमा उभा करताना मुख्य नट कोणी अनोळखी मोहम्मद आहे असे सांगितले तर पैसे मिळणार नाहीत, अशा अर्थाचे त्याने मुलाखतीत सांगितले. स्टुडिओचे मालक रूपर्ट मर्डॉक ट्विटरवर विचारत होते की इजिप्तचे लोक गोरे नाहीत हे कधीपासून. बहिष्काराची हाक दिली गेली ती मुख्यतः काळ्या प्रेक्षकांकडून आणि वंशभेदाविरुद्ध बोलणाऱ्यांकडून. सिनेमाने जगभरात सुमारे 27 कोटी डॉलर कमावले, पण अमेरिकेत जेमतेम साडेसहा कोटी. तिकडे इजिप्तने त्यावर बंदीच घातली. पिरॅमिड ज्यूंनी बांधले असे दाखवणे हा इतिहासाचा विपर्यास आहे, हे त्यांचे एक कारण. ते खरेही आहे. गिझाचे पिरॅमिड दुसऱ्या रामसेसच्या हजारहून अधिक वर्षे आधीचे. बंदीला आमचा पाठिंबा नाही. पण ज्यांच्या देशाची गोष्ट आहे त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

आता मागे जाऊ. 1807 साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी निवडक भाग, असे त्याचे शीर्षकच होते. त्याच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत. त्यांतली एक, फिस्क विद्यापीठाच्या संग्रहातली, 2018 साली वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवली गेली. या 'निवडक' बायबलातून जुन्या कराराचा सुमारे 90 टक्के भाग गाळला आहे आणि नव्या कराराचा जवळपास निम्मा. काय गाळले ते पाहा. इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळली. मोशे फारोपुढे उभा राहतो ते गाळले. समुद्र गाळला. थेट दहा आज्ञांवर उडी मारली. दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही असे पौलाने जिथे म्हटले आहे, ते गाळले. दासांनी धन्याचे ऐकावे, हे ठेवले.

सुटका नको, आज्ञा हव्यात. हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो आहोत, कारण पुढे हॉलिवूडने हेच वेगळ्या पद्धतीने केले.

सेसिल बी. डिमिलचा 'द टेन कमांडमेंट्स' आठवा. केबलवर शंभरदा लागून गेलेला. चार्ल्टन हेस्टनची दाढी, हात पसरल्यावर उभ्या राहिलेल्या पाण्याच्या भिंती. न्यूयॉर्कमध्ये तो नोव्हेंबर 1956 मध्ये झळकला. सिनेमाच्या आधी डिमिल स्वतः पडद्यामागून बाहेर येऊन सांगतो की माणसाने देवाच्या कायद्याखाली राहायचे की रामसेससारख्या हुकूमशहाच्या लहरीवर, हा या गोष्टीचा विषय आहे. शीतयुद्धाचे दिवस होते, रामसेस म्हणजे मॉस्को हे प्रेक्षकाला कळत होते. पण त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्याच मॉन्टगोमेरी शहरात काळे लोक अकरा महिने बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जात होते आणि त्यांचा पुढारी सत्तावीस वर्षांचा एक पाळक होता, मार्टिन ल्यूथर किंग. निर्गमाची गोष्ट रस्त्यावर चालली होती. ती पाहायला तिकीट लागत नव्हते. (आणि नागपूरची दीक्षाभूमी? 14 ऑक्टोबर 1956. 'टेन कमांडमेंट्स'च्या जेमतेम चार आठवडे आधी. तारखा कशा जुळतात पाहा.)

डिमिलच्या सिनेमाची खूण अमेरिकेत आजही दगडात उभी आहे. त्या काळात 'ईगल्स' नावाची एक संघटना गावोगावी दहा आज्ञांचे दगडी फलक उभारत होती. डिमिलने त्या मोहिमेला हातभार लावला, सिनेमाची जाहिरातही झाली. 1961 मध्ये तसाच एक फलक टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात बसला. पुढे तो संविधानाला धरून आहे का, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2005 साली 5 विरुद्ध 4 मतांनी फलक कायम राहिला. सरकारी आवारात धर्माची आज्ञा असावी का, या प्रश्नाच्या मुळाशी एका सिनेमाची प्रसिद्धी होती. आज्ञांचे फलक उभारणाऱ्या त्या मोहिमेत सुटकेचा फलक मात्र नव्हता.

काळ्या ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट हॉलिवूडकडून घेतलीच नाही. मालकाच्या चर्चमध्ये मागे उभे राहून ऐकली, त्यातले जे मालक सांगत नव्हता ते एकमेकांना सांगितले. हॅरिएट टबमन 1849 मध्ये गुलामीतून पळाली आणि मग सुमारे तेरा वेळा परत जाऊन सत्तरेक माणसे सोडवून आणली. लोक तिला मोझेस म्हणत. किंगचे शेवटचे भाषण 3 एप्रिल 1968 चे, मेम्फिसमधले. डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला, तिथे तुमच्यासोबत पोहोचेन की नाही माहीत नाही, असे ते त्यात बोलले. ते मेम्फिसला कशासाठी गेले होते? सफाई कामगारांच्या संपासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली.

बाबासाहेबांनीही मोझेसवर लेख लिहिला आहे. जुना करार वाचताना त्यांना कशात प्रेरणा सापडली, तर लोकांना गुलामीतून बाहेर काढणाऱ्या, आणि त्याच लोकांच्या कुरकुरीला तोंड देत पुढे नेणाऱ्या या माणसात. वाळवंटात पोचल्यावर इस्राएल लोक म्हणू लागतात की मिसरातच बरे होते, तिथे मासे आणि काकड्या तरी मिळायच्या. ज्यांनी कधी वस्तीत बैठका घेतल्या आहेत त्यांना हा प्रसंग फोडून सांगावा लागत नाही. हॉलिवूडला मात्र रथांची शर्यत आणि पाण्याची भिंत यापलीकडे वाळवंटात फारसे काही सापडत नाही.

आता गिब्सनकडे. त्याआधी 1988 साली मार्टिन स्कोर्सेसीचा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' आला होता. सुरुवातीलाच लिहिले होते की हा सिनेमा शुभवर्तमानांवर नव्हे, कादंबरीवर आधारलेला आहे. तरी युनिव्हर्सल कंपनीच्या दारात सुमारे 25 हजार लोक जमले. एका धर्मप्रसारक संघटनेच्या प्रमुखाने कंपनीला तिचा सगळा खर्च भरून देतो, सर्व प्रती नष्ट करायला द्या, अशी तयारी दाखवली. पॅरिसमध्ये तर सिनेमा चालू असताना थिएटरला आग लावली गेली, माणसे होरपळली.

सोळा वर्षांनी, 2004 मध्ये, त्याच वर्गातल्या प्रेक्षकांनी गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' डोक्यावर घेतला. तीन कोटी डॉलरचा सिनेमा, भाषा अरामी, हिब्रू आणि लॅटिन, खाली अक्षरे. कोणताही वितरक म्हणाला असता, चालणार नाही. गिब्सनने तो आधी पाळकांना दाखवला. चर्चनी शेकड्याने तिकिटे घेतली, बसगाड्या भरून लोक नेले. जगभरात 61 कोटी डॉलरवर धंदा झाला.

श्रद्धाळूंनी या सिनेमाला शास्त्राशी प्रामाणिक म्हटले. आता, त्यातले कितीतरी प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाहीत. ते आले आहेत अॅना कॅथरिना एमरिक या जर्मन जोगिणीला झालेल्या दृष्टान्तांच्या पुस्तकातून. म्हणजे अॅरोनोफ्स्कीने हनोखाचे पुस्तक घेतले तर भेसळ आणि गिब्सनने एमरिक घेतली तर भक्ती! फरक एवढाच की गिब्सन 'आपला' होता. ज्यू संघटना सांगत होत्या की या सिनेमातला ज्यू जमाव येशूच्या रक्ताला हपापलेला दाखवला आहे, आणि असल्या चित्रणातून युरोपात शतकानुशतके ज्यूंच्या कत्तली झाल्या आहेत. तो आक्षेप किती चर्चमध्ये ऐकला गेला? मत्तयाच्या शुभवर्तमानातले, याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो असे जमाव म्हणतो ते वाक्य घ्या. गिब्सनने त्याची खालची अक्षरे काढली. अरामीतले शब्द तसेच राहिले.

इथे मित्राने आम्हाला अडवले होते. तो म्हणाला, "तू सगळ्या ख्रिस्ती लोकांना एका माळेत ओवतोस. अमेरिकेतला गोरा इव्हँजेलिकल आणि माझी आजी एक आहेत का?"

नाहीत. हे आम्ही मान्य केले आणि इथेही लिहितो. अमेरिकेतला तो प्रेक्षक संख्येने मोठा आहे, त्याच्या नाराजीला बाजारात किंमत आहे, त्याच्यासाठी स्टुडिओ कट बदलून पाहतो. आमच्या मित्राच्या नाराजीला कोण विचारतो? तो दलित आहे, पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती म्हणून अनुसूचित जातीत मोजला जात नाही. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, आम्हा बौद्धांचा 1990 मध्ये, तो अजून बाहेरच आहे. चर्चमध्येही जात कशी टिकून राहिली, वेगळ्या बाकांपर्यंत, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहे. अशा माणसाकडे स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट असेल आणि तीही कोणी पडद्यावर वेडीवाकडी केली, तर त्याला लागणारच. आम्ही टपरीवर त्याची थोडी चेष्टा केली होती. ती चूक होती.

आणि काठीबद्दल तर आजीचेच बरोबर होते. मित्राने घरी जाऊन तिला सांगितले की सिनेमात मोशेकडे तलवार आहे. आजी म्हणाली, तलवारवाला मोशे कशाला हवा, तलवार तर फारोकडे होतीच की. तिचे आजेसासरे गावचे वेसकर. त्यांच्या हातात घुंगराची काठी असायची, महार आलाय हे लोकांना कळावे म्हणून. तिच्या मोशेच्या हातातली काठी कुठून आली हे आम्हाला तेव्हा समजले. स्कॉटने ती काढून घेतली ती केवळ सिनेमाच्या सोयीसाठी, मोशे सेनापती दिसावा म्हणून. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवा. गुलामांच्या पुढाऱ्याच्या हातून गुराख्याची काठी काढून राजाने दिलेली तलवार ठेवली, हा राजकीय बदल आहे. मित्राला तो 'शास्त्रात नाही' म्हणून खटकला, आम्हाला तो खटकलाच नव्हता. आम्ही रंग मोजण्यात गुंतलो होतो.

तेव्हा वाद एकतर्फी नाही. निष्ठावान प्रेक्षक मजकुराला चिकटून बसतो म्हणून हसू नये. मजकुरातच पुष्कळ दारूगोळा आहे. फक्त त्याने सगळा मजकूर मागावा. देवाचे नाव किती वेळा आले हे मोजताना निर्गमाचा पाचवा अध्यायही मागावा. त्यात मोशे आणि अहरोन फारोकडे जातात आणि काय मागतात? तीन दिवसांची सुट्टी, रानात जाऊन आपला सण करायला. फारो म्हणतो, हे लोक आळशी झालेत. आणि हुकूम काढतो की यांना उद्यापासून विटांसाठी गवत देऊ नका, गवत यांनीच गोळा करायचे, विटांची संख्या मात्र तेवढीच. काम कमी पडले म्हणून मार खाणारे इस्राएल लोकांचेच नायक, आणि त्यांच्यावर नेमलेले मुकादम. होय, मराठी शास्त्रात शब्द मुकादमच आहे. डिमिलने चिखल आणि विटा दाखवल्या होत्या. पुढच्यांना भूकंप, मगरी आणि वादळे जास्त आवडली.

गेल्या मे महिन्यात मित्राच्या गावी चर्चमध्ये सुट्टीतल्या बायबल शाळेचा समारोप होता. मुलांचे नाटक बसवायचे ठरले. मित्राने पाचवा अध्याय निवडला आणि फोन करून आम्हाला म्हणाला, "मुकादमाचे संवाद तू लिही. तुला ती भाषा येते." आम्ही लिहिले. उचल, कोयता, खाडा, सगळे घातले. पाळकांना थोडी शंका होती, कोयता शास्त्रात नाही. मित्र त्यांना म्हणाला, मुकादम तर आहे.

फारो व्हायला सगळी पोरे तयार होती, कारण पुठ्ठ्याचा मुकुट होता. मोशे व्हायला कोणी नव्हते. शेवटी आजीने एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचे नाव सुचवले. तिचे म्हणणे, मोशेही जड जिभेचाच होता, शास्त्रात लिहिलेय. ते खरे आहे. हॉलिवूडचे सगळे मोशे मात्र खडाखडा बोलतात. पोराच्या हातात आजीची रोजची काठी दिली.

ऊसतोडीवरून परत आलेली माणसे मागे भिंतीला टेकून बसली होती. पोरगा फारोपुढे उभा राहिला, "आम्हाला तीन दिवस, तीन दिवस" म्हणाला आणि अडकला. हॉल शांत. बाईंनी पडद्याआडून शब्द पुटपुटला, त्याला ऐकू गेला नाही. तेवढ्यात मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "सुट्टी! सुट्टी माग रे त्याच्याकडं!"